समुद्रबंदी नको, किनाऱ्यावर माणूस ठेवा

प्रति,
राज्यातल्या समुद्रकिनाऱ्यांचा कारभार पाहणारे अधिकारी,
किनाऱ्यावरच्या गावांचे सरपंच, रिसॉर्टवाले आणि बोटवाले मंडळी,
तसेच शाळांच्या सहलींना परवानगी देणारे साहेब,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या शैक्षणिक सहलीचा आमचा प्रस्ताव परत आला आहे. वर शेरा आहे, 'समुद्रकिनारा वगळून फेरप्रस्ताव सादर करावा.' सोबत तोंडी सल्लाही मिळाला. गुरुजी, चिखलदरा आहे, शेगाव आहे, सेवाग्राम आहे, ताडोबा आहे, मग पोरांना घेऊन पार दुसऱ्या टोकाला कशाला मरायला जाता? बोलणाऱ्याच्या तोंडून ते सहज निघालं असेल, त्याचा राग नाही. पण त्या सल्ल्यामागचा हिशेब मला गप्प बसून मान्य करता येत नाही. हिशेब असा : समुद्र धोक्याचा आहे, विदर्भातल्या पोरांना त्यातलं काही कळत नाही, म्हणून त्यांनी तिकडे फिरकू नये. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी त्यांतून निघत नाही.

म्हणून हे पत्र शेरा मारणाऱ्यांपेक्षा किनारा चालवणाऱ्यांसाठी जास्त आहे. शेरा मारायची वेळ ज्यामुळे आली, ते काम तुमच्या हातात आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यात, पैनगंगेच्या अंगाला असलेल्या एका गावात शिकवतो. आमच्या मुलांचे मायबाप कापूस-सोयाबीनवाले, नाहीतर त्यांच्या शेतात मजुरीला जाणारे. विदर्भाच्या ११ जिल्ह्यांपैकी एकालाही समुद्र लागत नाही, आणि इथून रत्नागिरी-मालवण गाठायचं म्हणजे आठ-नऊशे किलोमीटर. सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा धडा आहे. फळ्यावर सूर्य, चंद्र, पृथ्वीचे गोल काढून मी तो शिकवतो. पोरं पेपरात बरोबर उत्तर लिहितात, पण पाणी खरंच दिवसातून दोनदा मागे सरकतं यावर त्यांचा काडीचा विश्वास बसलेला नसतो. पहिल्यांदाच समुद्र पाहणारी आमची एक मुलगी बराच वेळ नजर ताणून उभी होती. मग तिनं विचारलं, "सर, त्या बाजूचं गाव कोनतं हाय?" पैनगंगेच्या पल्याड तेलंगणातली गावं दिसतात, तसं इथंही काहीतरी दिसायला पाहिजे, हा तिचा सरळ हिशेब. हा प्रश्न चिखलदऱ्याला पडत नाही. तो पडावा म्हणूनच सहल न्यायची असते.

आता शेऱ्यामागचं कारण. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलींबाबत कडक सूचना आल्या, आणि त्या यायलाच हव्या होत्या. मूल सोबत नेणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला ती बातमी विसरता येत नाही. पण इतक्या वर्षांत सगळा कडकपणा शाळेच्या फाटकावरच येऊन थांबला. हमीपत्रं वाढली, संमतीपत्रं वाढली, फायलीची जाडी वाढली. पलीकडे, जिथं पोरं बुडाली त्या वाळूवर काय बदललं, ते मी स्वतः जाऊन पाहिलं आहे, आणि बहुतेक ठिकाणी उत्तर 'फारसं काही नाही' असंच आहे.

शिवाय बंदी फक्त शाळेला लागू पडते. दिवाळीनंतर कापसाची पहिली वेचणी विकली की आमच्याकडून ट्रॅव्हल्स भरभरून कोकणात जातात. बचत गटाच्या बाया जातात, नवीन लग्न झालेली जोडपी जातात, बारावी झालेली पोरं बोलेरो ठरवून निघतात. नागपूरहून मडगावची विशेष गाडी वर्धा, बडनेरा, अकोला, शेगाव करत कोकणात उतरते, तीत वऱ्हाडी बोलणं ऐकू आलं नाही असा डबा सापडायचा नाही. शाळेबरोबर गेलेल्या मुलाच्या मागे निदान एक शिट्टीवाला मास्तर असतो. सातवीत ज्याला आपण समुद्र दाखवला नाही, तो विशीत मित्रांबरोबर जातो, आणि तेव्हा त्याच्या मागे कोणीच नसतं.

आमचं गाऱ्हाणं थोडक्यात हे, की तुमचा किनारा एक तर समुद्रासोबत वाढलेल्या माणसासाठी मांडलेला आहे, नाहीतर पैसे टाकून मजा विकत घेणाऱ्यासाठी. ज्यानं समुद्र कधी पाहिलाच नाही असा माणूस इथं येणार आहे, हे कोणी धरूनच चाललेलं दिसत नाही. आणि खरं सांगायचं तर तुमचे निम्मे गिऱ्हाईक तसेच असतात.

पहिली गोष्ट भरतीची. काही वर्षांपूर्वी आम्ही मुलांना कोकणातल्या एका नावाजलेल्या किनाऱ्यावर नेलं होतं. किनाऱ्याचं नाव घेत नाही, कारण तिथल्याच एका बाईनं आम्हाला वाचवलं. सकाळची वेळ, पाणी लांब गेलेलं, वाळू ओली आणि टणक. पुढे वाळूचा एक लांबट उंचवटा उघडा पडला होता, तिथवर सगळे चालत गेलो. शंख-शिंपले वेचणं चालू होतं. लाटा समोर होत्या, सगळ्यांचे डोळे समोर होते. पाणी आलं ते मागून. उंचवटा आणि किनारा यांच्या मधे जो सखल भाग होता, तो आधी भरायला लागला. किनाऱ्यावर कोकम सरबताची गाडी लावणारी एक बाई हात हलवून ओरडत होती, तिचं बोलणं वाऱ्यानं आमच्यापर्यंत पोचत नव्हतं. ती स्वतः पाण्यात शिरून पुढे आली तेव्हा कळलं. लहान मुलांना उचलून, मोठ्यांना हाताला धरून आम्ही बाहेर आलो. मोठ्या पोरांच्या मांडीपर्यंत पाणी होतं. कोणाला काही झालं नाही.

नंतर मी तो सगळा किनारा पालथा घातला. भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता, हे सांगणारी एक पाटी नव्हती. आम्ही उतरलो होतो तिथल्या काउंटरवर नाश्त्याची वेळ लिहिली होती, खोली रिकामी करायची वेळ लिहिली होती, पोहण्याच्या तलावाची वेळ तर ठळक रंगात. तलाव सगळ्यांत खोल जागी चार फूट. समोरच्या अख्ख्या समुद्राची वेळ मात्र कुठंच नव्हती.

हे अवघड आहे का? भरती दर सव्वाबारा-साडेबारा तासांनी येते आणि रोज पाऊण तासाहून थोडी उशिरा सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, सप्तमी-अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी. मुंबईकडे उधाणाचं पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं, खाली मालवणकडे त्यापेक्षा बरंच कमी. वेळांचं छापील कोष्टक वर्षभर आधी तयार असतं. आणि कोष्टक नसलं तरी एका म्हाताऱ्या बोटवाल्यानं मला जो हिशेब सांगितला, तो आमच्या मुलांनी बसल्या बसल्या पाठ केला : तिथीची पाऊणपट करा, साधारण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला अकरा-बाराच्या सुमारास. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. ढोबळ हिशेब आहे, पण जीव वाचवायला पुरे आहे. आम्ही शेतकरी माणसं. तिथी आणि नक्षत्र आमच्या भिंतीवर टांगलेलंच असतं. आम्हाला एवढं कोणी सांगायचा अवकाश होता.

हाच हिशेब गणपतीपुळ्याला लावून पाहा. संकष्टीला, त्यातही अंगारकीला, तिथं माणसांचा पूर लोटतो आणि त्यात विदर्भातले भाविक भरपूर. चतुर्थीची भरती तीनच्या आसपास. दर्शन झालं, डोंगराची प्रदक्षिणा झाली, प्रसाद घेतला, आणि चार-पाच वाजता माणसं पाण्यात उतरतात. पाणी तेव्हा मागे ओढायला लागलेलं असतं. दर चतुर्थीला. हे इतकं ठरलेलं आहे, तर देवळाच्या बाहेर त्या दिवशी एक फळा का लागू नये? हरिहरेश्वरलाही तेच. तिथला प्रदक्षिणेचा रस्ता समुद्राकडच्या खडकांवरून जातो आणि तो ओहोटीलाच चालायचा असतो. देवाच्या कामाला आलेला माणूस घड्याळ बघत नाही, त्याला बघायला लावावं लागतं.

दुसरी गोष्ट ओढीची. आमच्याकडची पोरं विहिरीत पोहायला शिकतात. पाठीला डबा नाहीतर रिकामा कॅन बांधायचा, काठावरून काकानं ढकलून द्यायचं, दोन उन्हाळ्यांत पोरगं सूर मारायला लागतं. मग त्याला वाटतं आपल्याला पोहता येतं, आणि ते खरंही असतं. पण विहिरीचं पाणी जागचं हलत नाही. समुद्रात लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं, आणि वाळूच्या दोन उंचवट्यांमधल्या खोलगट पट्ट्यातून जोरानं आत जातं. नवख्या माणसाचा घात इथंच होतो, कारण त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात. बाकी ठिकाणी फेस आणि आवाज, इथं पाणी शांत. कोणताही शहाणा बाप आपल्या मुलाला शांत दिसणाऱ्या पाण्यातच उतरवेल. आणि ओढ लागली की चांगला पोहणारा सरळ किनाऱ्याकडे हात मारायला लागतो, दमतो, बुडतो. त्याला वाचवायला दुसरा जातो, मग तिसरा. एकाच गटातले तिघं-चौघं एका वेळी बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यांतल्या कितीतरी अशाच घडतात.

घाबरू नका, ओढीच्या विरुद्ध पोहू नका, तरंगत राहा, किनाऱ्याला समांतर बाजूला सरका आणि मग बाहेर या. मदतीला हात वर करा. बाहेरच्यानं पाण्यात उडी न मारता दोरी किंवा रिकामा कॅन फेकावा. एवढ्या चार ओळी चित्रांसह एका पत्र्यावर मावतात. किनाऱ्यावर पत्रे आहेतही. त्यांवर 'समुद्रात जाणे धोक्याचे आहे, स्वतःच्या जबाबदारीवर जावे' एवढंच लिहिलेलं असतं. त्यानं लिहिणाऱ्याची जबाबदारी संपते. वाचणाऱ्याला नेमकं कुठं, कधी, किती पाण्यात उतरायचं, यातलं काहीच कळत नाही. आणि मागे पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स एवढा मोठा असतो की त्या पाटीवर नजरही जात नाही.

तिसरी गोष्ट माणसांची, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी. पाटी कितीही चांगली केली तरी पाण्यात उतरलेल्या माणसाला शिट्टी मारून बाहेर काढायला माणूसच लागतो. शेजारच्या गोव्यात २००८ पासून सरकारनं नेमलेले जीवरक्षक किनाऱ्यांवर असतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे पोहायचं, लाल झेंडा दिसला की उतरायचं नाही. अक्षरओळख नसलेल्या माझ्या आईलाही हा नियम समजेल. आपल्याकडे मुंबईच्या चौपाट्यांवर आणि कोकणात मोजक्या ठिकाणी असे जीवरक्षक दिसतात. काही गावांत ग्रामपंचायतच आपल्या तुटपुंज्या उत्पन्नातून दोन पोरं उभी करते, त्यांचं कौतुकच केलं पाहिजे. पण शाळेच्या पुस्तकात ७२० किलोमीटर म्हणून शिकवलेला हा किनारा दोन-दोन पोरांच्या जिवावर कसा चालायचा? जाहिरातीत तो सगळ्या राज्याचा असतो. 'चला कोकणात' म्हणून आमच्या एसटी स्टँडवर पोस्टर लागतं. मग तो सांभाळायचा खर्च तेवढा एका ग्रामपंचायतीचा कसा?

गाडी लावायचे पैसे घेता, काही ठिकाणी माणशी स्वच्छतेचे पैसे घेता. आम्ही ते देतो, कुरकुर करत नाही. त्यातला ठरावीक भाग जीवरक्षकाच्या पगारासाठी राखून ठेवा आणि तसं पावतीवर छापा. पाच-दहा रुपये वाढवले तरी चालतील.

चौथी गोष्ट पाण्यावरच्या खेळांची. रिसॉर्टच्या पत्रकात 'ॲक्टिव्हिटीज' म्हणून जी यादी असते, तिच्यात इंजिनाचा आवाज नाही असं फारसं काही नसतं. बनाना राइड, बंपर, जेट स्की, पॅरासेलिंग. बनाना राइडमध्ये मधेच सगळ्यांना पाण्यात पाडतात, तीच त्यातली गंमत. ज्याला पोहता येतं त्याला गंमत. आमच्याकडच्या बहुतेक बायांना, आणि पुरुषांनाही, पाण्यात पडणं म्हणजे काय ते तिथंच पहिल्यांदा कळतं. आधी विचारत नाहीत, तुम्हाला पोहता येतं का, पाडू का नको. मोठ्या माणसाचं जाकीट लहान मुलाला अडकवून देतात. पाण्यात पडल्यावर जाकीट वर तरंगतं आणि मूल त्यातून खाली सरकतं. बकल तुटलेलं, पट्टा सुतळीनं बांधलेला, हे मी पाहिलं आहे. दर विचारावा तर माणूस पाहून सांगतात. वऱ्हाडी बोललं की एक, पुणेरी बोललं की दुसरा, आणि कोणता जास्त ते दिवसावर अवलंबून.

मे २०२२ मध्ये तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली, दोघांचा जीव गेला. त्याच्या आदल्याच वर्षी, २०२१ मध्ये, राज्यानं साहसी पर्यटनाचं धोरण काढलं. जमिनीवरचे, पाण्यातले, हवेतले सगळे खेळ त्यात येतात, आणि ते चालवणाऱ्यानं नोंदणी करायची आहे. धोरण चांगलंच आहे. मग ती नोंदणी वाळूवर उभ्या असलेल्या माणसाला दिसू द्या. ऑटोवाल्याला परमिट दाखवावं लागतं, औषधाच्या दुकानात परवाना भिंतीवर टांगलेला असतो. बोटीवर नोंदणी क्रमांक, माणसांची मर्यादा आणि दर एवढं मोठ्या अक्षरात रंगवायला एक डबा रंग लागेल.

आणि बोटवाले दादा, हे तुमच्या पोटावर पाय आणायला लिहिलेलं नाही. पावसाळ्यात तुमचा धंदा बंद, म्हणजे वर्षाचं आठ महिन्यांत कमवायचं, हे मला कळतं. आमचंही वर्ष एका पिकावर असतं. पण एक अपघात झाला की महिनाभर अख्खा किनारा ओस पडतो, आणि तेव्हा चांगलं जाकीट देणाऱ्याचंही नुकसान होतं.

बायांच्या सोयीबद्दल एकच परिच्छेद लिहितो, कारण यात वादाला जागाच नाही. ओल्या लुगड्यानं, ओल्या पंजाबी ड्रेसनं मुली आणि बाया तासन् तास बसमध्ये बसतात. कपडे बदलायला आडोसा नाही, संडास आहे तर पाणी नाही, पाणी आहे तर कुलूप. रिसॉर्टवाले आपल्या गिऱ्हाइकाशिवाय कोणाला आत घेत नाहीत, त्यांचंही समजू शकतो. पण मग सार्वजनिक काय आहे? शाळेची सहल किनाऱ्यावर न्यायला आमच्या बाई नाखूश असतात, आणि समुद्राची भीती हे त्याचं दुसरं कारण आहे.

वाळूवर गाड्या घालणं, बाटल्या फोडणं, पिऊन पाण्यात शिरणं, यात आमच्याकडून येणारेही मागे नाहीत. त्यांना दंड करा. विदर्भातून आलेत, लांबून आलेत, असली दया दाखवू नका.

एक मागणी मात्र तक्रारीची नाही. पैसे आणि पेट्रोल न लागणाऱ्या गोष्टी किनाऱ्यावर ढीगभर आहेत आणि त्या दाखवणारं कोणी नाही. वेळासला, आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. गावकरी ती अंडी कुंपणात जपतात आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर आली की समुद्रात सोडतात. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो. बाजार समितीत बापाच्या कापसाची बोली ऐकलेल्या मुलांना तो पाहताना समजावून सांगावं लागत नाही, ती थेट विचारतात, "इथं अडत कोन घेते?" मालवणला सिंधुदुर्ग आहे. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी त्याचा पाया घातला. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. मार्चपासून टँकरची वाट पाहणाऱ्या गावातल्या पोरांना त्या विहिरींपुढून हलवता येत नाही. ओहोटीला खडकातल्या डबक्यांत खेकडे, शंखातले जीव, समुद्रफुलं दिसतात. सुरूच्या बनात बसून खाडीतल्या तिवरांबद्दल तासभर बोलता येतं. याला गावातलाच एक जाणता माणूस पुरे. गावोगावी असा एक वाटाड्या ठरवून द्या, शाळा त्याचं मानधन आनंदानं देईल. पोरं पाण्यात उड्या मारायचा हट्ट का धरतात? कारण तिथं करायला दुसरं काही आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

आता परवानगी देणाऱ्या साहेबांना. तुमच्या खुर्चीवर बसलो असतो तर मलाही सही करताना हात थरथरला असता. उद्या काही झालं तर पहिली नोटीस तुम्हाला, हे मान्य. पण 'समुद्रकिनारा वगळून' हा शेरा सोपा आहे, तो मारला की कोणीच काही करायचं उरत नाही. त्याऐवजी अट घाला : ज्या किनाऱ्यावर दिवसभर जीवरक्षक आहे, भरती-ओहोटीचा फलक आहे, पोहण्याची जागा झेंड्यांनी आखलेली आहे आणि मुलींसाठी आडोसा आहे, तिथंच सहल. अशा किनाऱ्यांची यादी दर वर्षी दिवाळीआधी काढा. बाकी ठिकाणी मुलांनी पाण्याला पाय लावायचा नाही, फार तर लांबून पाहायचं. राज्यभरातल्या शाळांच्या बसेस त्या यादीकडे बघून ठरायला लागल्या, की कोणता सरपंच आपलं गाव यादीत घालायला धडपडणार नाही? शैक्षणिक सहलीला एसटी भाड्यात ५० टक्के सवलत देते, म्हणजे सरकारलाही मुलांनी फिरावं असंच वाटतं. मग फिरण्याची जागा सुरक्षित करण्यात सरकारची दोन खाती एकमेकांशी बोलली तर बिघडलं कुठं?

आमचं मागणं असं आहे :

१. पर्यटक येतात त्या प्रत्येक किनाऱ्यावर, वाहनतळावर आणि प्रत्येक रिसॉर्टच्या काउंटरवर त्या दिवसाची भरती-ओहोटीची वेळ रोज सकाळी खडूनं लिहावी. तीर्थाच्या ठिकाणी चतुर्थी, अमावास्या, पौर्णिमेला देवळाबाहेरही.

२. ऑक्टोबर ते मे जीवरक्षक नेमावेत. त्यांचा पगार राज्यानं आणि पार्किंगच्या पैशांतून मिळून द्यावा. ग्रामपंचायतीवर एकटीवर टाकू नये. कोळीवाड्यातल्या पोरांना या कामात आधी घ्यावं, त्यांच्याइतकं पाणी कोणाला कळतं?

३. झेंडे लावून पोहण्याची जागा आखावी. ओढीच्या जागा आणि सुटकेचा उपाय चित्रांनी दाखवावा.

४. बोटीवर आणि खेळांच्या तंबूवर नोंदणी क्रमांक, मर्यादा आणि दर लिहिलेले असावेत. मुलांच्या मापाची जाकिटं नसतील तर मुलांना बसवू नये. पाण्यात पाडण्याआधी विचारावं.

५. स्त्रियांसाठी कपडे बदलायची जागा आणि पाणी असलेला संडास.

६. सहलींना सरसकट बंदी न घालता वर लिहिल्याप्रमाणे किनाऱ्यांची यादी काढावी.

आमच्याकडून काय देऊ, तेही सांगतो. सहलीआधी मुलांना भरती-ओहोटीचा हिशेब आणि झेंड्यांचे रंग पाठ असतील. पालकांची सभा घेऊन त्यांनाही हे सांगू. प्रत्येक बसमध्ये दोरी आणि रिकामे कॅन असतील. जीवरक्षकाची शिट्टी वाजली की आमची मुलं सगळ्यांत आधी बाहेर येतील, याची हमी मी घेतो.

फेरप्रस्ताव मी अजून पाठवलेला नाही. त्याची जागा कोरी ठेवली आहे. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं आणि एवढ्या मुलांच्या जागा एकत्र मिळायच्या तर पहिल्याच दिवशी खिडकीवर उभं राहावं लागतं. जानेवारीत जायचं तर नोव्हेंबरच्या आत कळलं पाहिजे. यादी एवढ्यात होणार नसेल तर निदान या हंगामात फलक आणि जीवरक्षक असलेले दोन-तीन किनारे तरी लेखी कळवा, आम्ही त्यांतलाच एक निवडू. उत्तर शाळेच्या पत्त्यावर आलं तरी चालेल, वर्तमानपत्रात छापलं तर आणखी बरं, म्हणजे बाकीच्या शाळांनाही वाचता येईल.

कळावे,

आपला,
एक शिक्षक
जि. यवतमाळ